पाटी जुलैत लावायची होती

आमच्या ब्रिटच्या गोठ्यात नवा माणूस आला की गाई बघायच्या आधी वासरांच्या खोपटाचं फाटक बघतो. फाटक म्हणजे प्लायवूडची एक भली थोरली फळी. तिच्यावर लाल रंगात अक्षरं आहेत, पण ती उभी झाली आहेत, कारण फाटकाच्या मापाला फळी उभीच बसत होती. मग तो माणूस मान वाकडी करून वाचायला लागतो आणि आमची ब्रिट कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल होते. तिशी गाठली तिने. एका पोराची आई आहे, साठ गाईंचा कारभार बघते, दूध संघाच्या बैठकीत भल्याभल्यांना खाली बसवते. पण त्या फाटकापुढे उभी राहिली की पुन्हा अठरा वर्षांची होते.

मी तिचा आजोबा, म्हणजे तिच्या आईचा, जोलीनचा, बाप. उभा जन्म नॉर्डन रिज या टेकडीवर गेला माझा. शाळा झाली ती टेकडीवरच्या एका खोलीत. आठही इयत्ता एकत्र, मध्ये शेगडी, आणि पहिलीतला मुलगा आठवीचे धडे ऐकून ऐकून पाठ म्हणायचा. आठवीची परीक्षा द्यायला मात्र जिल्ह्याच्या गावाला जावं लागे. माझ्या वेळी परीक्षेच्या खोलीच्या खिडकीबाहेर कुणाचा तरी बैल सुटला आणि त्याने पाद्रीबाईंच्या वाळत घातलेल्या चादरी शिंगांवर घेतल्या. आम्ही सगळे खिडकीशी. तपासनीसही खिडकीशी. पास झालो, कसा ते त्या बैलालाच ठाऊक. परीक्षा या विषयातलं माझं ज्ञान एवढंच, तेव्हा पुढे काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

ब्रिटचा बाप लायल टॉल्फसन. माणूस सोन्यासारखा, पण गुडघे पार गेलेले. सिमेंटच्या जमिनीवर पस्तीस वर्षं गाईंच्या धारा काढल्या की दुसरं काय होणार. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे बदलून घ्या, पण बदलले की बरेच महिने गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. मग गाई कोण बघणार? घरात एकच मुलगी. ती म्हणाली, मी बघीन. दुग्धशास्त्र शिकून येते आणि मी बघीन. लायलने विचारलं, किती वर्षं? चार. तेव्हा तो स्वयंपाकघरात टेबलाला धरून उठला आणि म्हणाला, "तीन वर्षं मी या गुडघ्यांवर काढतो. चौथं निघायचं नाही. चौथ्याला गाई विकाव्या लागतील."

तिथून ते परीक्षेचं निघालं. आमच्याकडे अशी सोय आहे की कॉलेजात पाऊल टाकायच्या आधीच काही विषयांची परीक्षा द्यायची. पास झालात तर तेवढे विषय तिथे पुन्हा शिकायला नकोत, त्यांचे क्रेडिट आधीच तुमच्या नावावर. पुरेसे जमले की चार वर्षांचं काम तीन वर्षांत होतं. ब्रिटच्या शाळेतल्या बाईंनी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक म्हणजे वर्षभर शाळेत तो विषय घ्यायचा, मे महिन्यात मोठा पेपर लिहायचा आणि जुलैत निकाल बघायचा. दुसरी म्हणजे आपला आपण अभ्यास करायचा आणि उन्हाळ्यात जिल्ह्याच्या गावच्या तंत्रशाळेत जाऊन संगणकावर परीक्षा द्यायची. तिथे शेवटचं उत्तर दिलं की निकाल समोरच.

"कुठली घेऊ?" ब्रिटने विचारलं.

"उन्हाळ्यात तू मला इथे हवीस," लायल म्हणाला. "वैरण आहे, कुंपणं आहेत. मेचीच घे."

"मेमध्ये पण..." जोलीन बोलायला गेली.

"मेमध्ये काय?"

जोलीन कॉफी ओतायला लागली. मी कप पुढे केला. चौघेही जन्मापासून याच टेकडीवरचे, मे महिना म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगायला नको होतं. पण टेबलापाशी बसून कॉलेजाचं बोलताना शेत आठवत नाही, हीच तर गंमत. ब्रिट म्हणाली, "ठीक आहे, मेचे पाच पेपर देते." लायलने तिच्या पाठीवर थाप मारली. कॉफी सांडली.

मग मे आला. एप्रिलभर पावसाने शेतात पाय ठेवू दिला नव्हता, आणि नेमकं पहिल्या पेपराच्या दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. आमच्याकडे जमीन वाफशावर आली की लग्नंसुद्धा पुढे ढकलतात. पेरणीच्या आधी दगड वेचावे लागतात. हिवाळ्यात गोठून गोठून जमीन दरवर्षी नवे दगड वर ढकलते, आणि ते हातांनी उचलून गाडीत टाकल्याशिवाय पेरणीयंत्र चालवायची सोय नाही. माझ्या आजाने वेचले, मी वेचले, पण दगड काही संपले नाहीत. लायल पेरणीवर बसला. दगड आणि दोन्ही वेळच्या धारा ब्रिटकडे आल्या. कुणी हुकूम सोडला नव्हता, तिने कुरकूर केली नाही. पहाटे धारा, मग पेपर, मग दगड, मग पुन्हा धारा. एका पेपराला ती गोठ्यातल्या जाकिटातच गेली, आणि मागच्या बाकावरच्या मुलाने नाकाला रुमाल लावला. दुसऱ्या एका पेपराला बाईंनी तिला खांद्याला धरून जागं केलं. हे तिने आम्हाला सांगितलं ते फार पुढे.

लायल रोज विचारायचा, "कसा गेला?"

ती म्हणायची, "झाला एकदाचा."

महिनाअखेरीला शाळा संपल्याची जेवणं. आमच्याकडे ज्याच्या घरचं मूल शाळा संपवतं तो ट्रॅक्टरची शेड धुऊन टेबलं मांडतो आणि सगळ्या टेकडीला बोलावतो. हॅमचे बन, बटाट्याचं सॅलड, माझ्या बहिणीच्या हातच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, दाताखाली कुरकुर वाजणारे ताज्या चीजचे तुकडे, आणि भिंतीवर मुलाचे लहानपणापासूनचे फोटो. लायलला फोटो पुरले नाहीत. तो आदल्या दिवशी दार लावून शेडमध्ये काहीतरी करत होता. सकाळी ब्रिट टेबलक्लॉथ घेऊन आत गेली आणि मी तिच्या मागे. समोर ती फळी टांगलेली. गोठा रंगवून उरलेल्या लाल रंगात लायलने स्वतः लिहिलं होतं : "टॉल्फसन गोठा. उद्याची मालकीण ब्रिट. कॉलेज तीन वर्षांत!"

ब्रिट पाटीकडे बघत राहिली. रंग अजून ओला होता, तेव्हाच सांगायला हवं होतं तिने. पण लायल शिडीवरून उतरत होता, एकेका पायरीवर थांबत, गुडघे धरत, आणि तोंडभर हसत होता. "कशी आहे?" त्याने विचारलं.

"मोठी आहे," ती म्हणाली.

दुपारी सगळी टेकडी लोटली. शेजारचा मर्ल हाउगन बशीत तीन केक घेऊन पाटीखाली उभा राहिला. मर्ल म्हणजे आमच्याकडचा नंबर एकचा खवचट माणूस, आणि लायलचा बालमित्र. दोन्ही एकदमच.

"काय रे लायल, निकाल लागला वाटतं?"

"लागेल की जुलैत."

"मग पाटी जुलैत लावायची होती."

लोक हसले. लायलला ते लागलं. तो म्हणाला, आणि चांगलं मोठ्याने म्हणाला, "सगळ्यांची पोरं तुझ्या टॉडसारखी नसतात मर्ल. साडेपाच वर्षं कॉलेज करून आता गालिचे धुतो तो!"

जोलीनने त्याला कोपराने ढोसलं, पण बाण सुटून गेला होता. मर्लने बशी टेबलावर ठेवली. तिन्ही केक तसेच. टोपी घातली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि निघून गेला. मर्लने केक टाकून जाणं काय असतं ते आमच्या टेकडीवर विचारा.

जुलैत एका सकाळी मी वासरांना दूध पाजायला गेलो तर ब्रिट उपड्या बादलीवर बसलेली. एक वासरू तिचा कोपर चोखत होतं, तिला पत्ता नव्हता. मोबाइल मांडीवर.

"आजोबा, ती पाटी उतरवून द्याल का?"

"का गं? चांगली आहे की."

"पाचातला एकच पेपर निघाला. इंग्रजीचा. बाकीच्यांत गुण कमी पडले, कॉलेज ते धरत नाही."

मी वासराच्या तोंडातून तिचा कोपर सोडवला. मग तिला म्हटलं, "बापाला सांग."

"सांगते. पण आज नको."

आज नको, उद्या नको. आणि त्या दिवसांत तीन वर्षं हा शब्द तिला जिथे तिथे भेटायचा. खाद्याच्या दुकानात गेली की मालक म्हणणार, "या या, तीन वर्षंवाल्या मालकीणबाई!" पाद्रीसाहेबांनी तर प्रार्थनेनंतर सगळ्यांपुढे तिचं नाव घेऊन अभिनंदन केलं. ती मान खाली घालून बसली. पुढच्या रविवारी आलीच नाही, डोकं दुखतं म्हणाली. त्यानंतरच्या रविवारी एक गाय आजारी पडली. ती गाय मी बघून आलो, मजेत रवंथ करत होती. पोरगी शेडच्या पुढून जायची नाही, मागून लांबचा वळसा घालून जायची, कारण पाटी पुढच्या दारातून दिसायची. लायल मात्र मुद्दाम दार उघडं ठेवायचा.

अशात गुरांचा व्यापारी आला. दरवर्षी यायचा, लायलचे गुडघे बघायचा आणि भाव सांगायचा. या वेळी भाव खरंच चांगला होता. लायल गोठ्याच्या दाराला टेकून म्हणाला, "छे! पोरगी तीन वर्षांत येते. तीन वर्षं कळ काढतो की." व्यापारी गेला. लायल वळला आणि पायरी चढताना त्याचा पाय असा काही मुडपला की दाराची कडी धरून तो तिथेच लटकला. ब्रिट आत गाईला धारेचं यंत्र लावत होती. तिने ते पाहिलं.

"बाबा, त्याला परत बोलवा."

"कुणाला?"

"व्यापाऱ्याला. मला तीन वर्षांत येता येणार नाही. मी नापास झालेय. इंग्रजी सोडून सगळ्यात. निकाल लागून बरेच दिवस झाले आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

यंत्रांची धडधड चालूच होती. मी गव्हाणीपाशी होतो, मी वैरण सारत राहिलो, कारण दुसरं काय करणार. मग लायल म्हणाला, "इंग्रजीचा पेपर कुठल्या दिवशी होता?"

"पहिलाच."

"पाऊस होता त्या दिवशी."

"हो."

"दगड नव्हते त्या दिवशी."

ब्रिट पुढच्या गाईला यंत्र लावायला वाकली.

"आदल्या रात्री तू झोपली होतीस," लायल म्हणाला. त्याने टोपी काढली, आतलं अस्तर बघितलं आणि पुन्हा घातली. "मला का नाही म्हणालीस? मला शेतात जायचं नाही, असं का नाही म्हणालीस?"

"तुम्हीच सांगा बाबा, म्हणता आलं असतं का?"

यावर लायलने मान फिरवली. तो गाईच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि बराच वेळ तिथे वाकून राहिला. कासेत काही बघायचं नव्हतं, धार होऊन गेली होती. तिघांनाही एकमेकांच्या तोंडाकडे बघवेना.

त्या संध्याकाळी जोलीनच काय ती कामाचं बोलली. ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते, रडारड तिला चालत नाही. "दुसरी वाट होती ना? संगणकावरची? ती अजून आहे की. कॉलेज ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं."

"अभ्यास कधी करू?" ब्रिट म्हणाली. "आणि परीक्षा दिवसाच्या असतात. धारा कोण काढणार?"

टेबलाशी सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. वैरणीच्या दिवसांत शेत सांभाळून वर दोन्ही वेळच्या धारा एकट्याने काढणं लायलच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. जोलीनला नोकरी. माझे हात थरथरतात, गाई मला बघून हसतात. धारा काढणारा, गाई ओळखणारा, हाकेच्या अंतरावरचा माणूस आमच्या टेकडीवर एकच होता. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

"दुसरा कुणी नाही?" लायलने विचारलं.

"नाही," जोलीन म्हणाली. "आणि असता तरी आधी तिकडेच जायला हवं तुला."

दुसऱ्या दिवशी लायल मला म्हणाला, "सासरेबुवा, जरा गाडी चालवाल का?" त्याला गाडी चालवता येत होती. पण एकट्याने जायचं धाडस होत नव्हतं.

मर्ल अंगणात कुऱ्हाडीला धार लावत होता. आता याला योगायोग म्हणा. आम्ही उतरलो तरी त्याने मान वर केली नाही.

"मर्ल," लायल म्हणाला.

"हं."

"पाटी जुलैत लावायची होती."

मर्लचा हात थांबला. "का रे? काय झालं?"

"पोरगी नापास झाली. माझ्यामुळे. पेपरांच्या दिवसांत मी तिला दगड वेचायला लावले."

मर्लने कुऱ्हाड खाली ठेवली. तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही. "पेरणी होती ना," तो म्हणाला. "मीही लावले असते." मग थोडं थांबून, "टॉडला मीही लावले होते. साडेपाच वर्षं काय उगीच लागली?"

लायल मान खाली घालूनच उभा. "टॉडबद्दल मी जे बोललो ना, ते..."

"टॉड गालिचे धुतो," मर्ल म्हणाला. "आणि चांगले धुतो."

"माहीत आहे. आमचाही त्यानेच धुतला."

"डाग गेला?"

"गेला."

"मग काय तर," मर्ल म्हणाला. त्याने कुऱ्हाड पुन्हा उचलली. "तुझी ती पांढऱ्या कपाळाची अजून लाथ मारते का?"

"मारते."

"संध्याकाळी येतो. तिला आधी बांधून ठेव."

बस्स. आमच्याकडे माफी मागणं आणि देणं एवढ्यावर होतं. पण परत येताना गाडीत लायलचे कान ब्रिटसारखेच लाल झाले होते. मुलीने ते कुणाकडून घेतले ते मला त्या दिवशी कळलं.

ऑगस्टभर मर्लने धारा काढल्या. खवचटपणा मात्र सोडला नाही. रोज शेडपुढून जाताना पाटीला टोपी काढून नमस्कार करायचा. ब्रिट माझ्या घरी अभ्यासाला यायची, आणि मी पुस्तक धरून प्रश्न विचारायचो. तिने आधीच ठरवून टाकलं : इतिहास, जीवशास्त्र आणि रसायन, तीनच. "गणिताचं नाव काढू नका आजोबा, ते कॉलेजातच करीन. झेपेल तेवढंच घ्यायचं या वेळी." जीवशास्त्रात गाईच्या पोटाचा धडा आला तेव्हा मी गाईला विषबाधा झाली तर काय करतात ते सांगायला लागलो, आणि तिने मला दाराबाहेर काढलं. माझ्याच घराच्या.

तंत्रशाळेत मीच तिला नेत होतो. मी आवारात गाडीत बसायचो. पहिल्या दिवशी ती बाहेर आली, दार उघडून बसली आणि समोर बघत म्हणाली, "इतिहास निघाला." दुसऱ्या वेळी जीवशास्त्र निघालं. तिसऱ्या वेळी ती बराच वेळ आलीच नाही. मग आली तर डोळे पुसून आलेली.

"रसायन पुन्हा गेलं. आता महिनोन् महिने परत बसता येत नाही." गाडी सुरू केली तेव्हा म्हणाली, "मी हिशेब केला आजोबा. साडेतीन वर्षं लागणार."

मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "अर्धं वर्ष."

"तेच तर. त्यांचे गुडघे तीनवर संपतात."

त्या संध्याकाळी हे गोठ्यात सांगितलं तेव्हा मर्ल तिथे होताच, पांढऱ्या कपाळाच्या गाईशी झगडत. लायलने ऐकलं आणि गव्हाणीच्या कडेवर बसला. मर्ल गाईच्या पोटाआडून म्हणाला, "तीन वर्षं झाली की तू गुडघे बदलायला जा. वरचं अर्धं वर्ष मी बघतो. पण पाटी आधी दुरुस्त कर. खोट्या पाटीखाली मी काम करत नाही."

सगळे हसले. लायल हसला नाही. त्याने पाटी उतरवली, पण नवी रंगवायला त्याचा हात होईना. ब्रिटला तर ती डोळ्यांपुढेच नको होती. शेवटी मर्लनेच करवत घेतली, वासरांचं फाटक मोडलं होतं तिथे फळी उभी ठोकली आणि म्हणाला, "लाकूड चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं." उद्या म्हणता म्हणता ती तिथेच राहिली.

आणि ठरल्याप्रमाणे झालं. तीन वर्षांनी लायल गुडघे बदलायला गेला आणि वरचं अर्धं वर्ष मर्लने साठ गाई सांभाळल्या. ब्रिट परतली तेव्हा एकही गाय विकली गेली नव्हती. त्या पांढऱ्या कपाळाच्या गाईनेही शेवटपर्यंत मर्लला लाथा घातल्या.

आता ब्रिटकडे संध्याकाळी शाळेतल्या दोघी मुली धारा काढायला येतात. मे महिन्यात, कडक ऊन पडलेलं, जमीन वाफशावर आलेली, आणि ही दारात उभी राहून त्यांच्यावर ओरडते, "पेपर आहे ना उद्या? मग इथे काय करताय? घरी जा, झोपा!" मुली घाबरून पळतात. मग साठ गाईंच्या धारा ती एकटी उरकते, आणि दगड वेचायला लायल जातो. नव्या गुडघ्यांवर, सत्तरीच्या वयात. कुणी सांगितलेलं नाही.

परवा मी त्याच्याबरोबर वासरं बघायला गेलो. फाटकातून गेलं की सरळ दोन पावलांवर खोपट. पण लायल गोठ्याला पूर्ण वळसा घालून मागच्या दाराने आत गेला. मी फाटक उघडून आत शिरलो आणि त्याची वाट बघत वासराचं डोकं खाजवत उभा राहिलो. तो आला तेव्हा धापा टाकत होता.

"इकडून का नाही आलास रे?" मी विचारलं.

"तिकडून वासरं बरी दिसतात," तो म्हणाला. त्याचे कान बघून मी पुढे काही विचारलं नाही.